मग बिट्टीचं झाड कशाला लावलं?

खुनाच्या कादंबरीची शेवटची चाळीस पानं मी मायक्रोपोरच्या पट्टीने बांधून ठेवते. जखमेवर लावायची ती कागदी पट्टी. निघताना कातडी ओढत नाही, तसा कागदही ओढत नाही. हा बंदोबस्त आमच्या ह्यांच्यासाठी. पुस्तक हातात आलं की ह्यांना आधी शेवटचं पान बघायचं असतं. सगळा जन्म एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून गेला, त्यामुळे गाडी कुठे आणि किती वाजता लागणार हे कळल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. बरं, बघून गप्प बसतील तर शपथ. मी निम्म्यावर असताना चहा ढवळत विचारायचं, "तुला तो डॉक्टर कसा वाटतो गं?" झालं! डॉक्टर साव असो की चोर, माझी मजा तिथेच संपली.

तर गेल्या पावसाळ्यात मी एक नवी कोरी मराठी खूनकथा विकत घेतली. पानं ३१२, किंमत साडेचारशे. मुखपृष्ठावर वाड्याचा दिंडी दरवाजा आणि उंबऱ्यावरून ओघळणारा लाल थेंब. पुस्तकाचं नाव सांगत नाही, लेखकाचं तर नाहीच. त्या माणसाशी माझं वैर नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

विकत घेतली याला आमच्या घरात थोडा अर्थ आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीइतकं होतं. पुस्तकांचं कपाट खालीच. पाणी ओसरल्यावर बघितलं तर पुस्तकं फुगून एकमेकांत अशी गच्च बसलेली, की फळीवरून सोडवायला ह्यांना कोयती घ्यावी लागली. वडिलांनी जपलेले बाबूराव अर्नाळकर त्यात गेले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आमच्याकडे त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या मिळून साठेक असतील. अॅगाथा ख्रिस्तीबाईंचे मराठी अनुवाद गेले, 'धनंजय'चे जुने दिवाळी अंक गेले. सगळा लगदा घमेल्यांनी बाहेर टाकला. त्यानंतर 'आता पुस्तकं नकोत बाई' म्हणून मी दोन-तीन वर्षं काढली. नवं कपाट माडीवर केलं, त्यात आधी जास्तीच्या चादरी गेल्या. ही कादंबरी त्या कपाटातलं पहिलं पुस्तक.

वाचायची माझी एक रीत आहे. मी वही घेऊन बसते. सरकारी रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी म्हणून एकतीस वर्षं काढली, त्याचा हा परिणाम. स्टॉक रजिस्टरात एका बाजूला आवक, दुसऱ्या बाजूला वाटप आणि शेवटी शिल्लक. रहस्यकथा वाचताना मी वहीचं पान तसंच आखते. डावीकडे लेखकाने काय काय दिलं ते पानाच्या नंबरासकट. उजवीकडे त्यातलं पुढे कुठे वापरलं ते. चांगल्या लेखकाच्या बाबतीत शेवटी दोन्ही बाजू जुळतात. ऑडिटवाला गोळी कमी निघाली तर विचारतोच, पण जास्त निघाली तरी विचारतो, आणि जास्तीचा जाब देणं कमीच्या जाबापेक्षा अवघड असतं, हे ज्याने नोकरी केली त्याला माहीत आहे.

कादंबरी अशी. पाटणजवळ एक जुना वाडा. वाड्यात पंचाहत्तरीचा म्हातारा मालक, दोन मुलगे, थोरली सून, तिचा सहा वर्षांचा मुलगा, एक पुतण्या, स्वयंपाकीणबाई. मृत्युपत्र बदलण्याची भाषा चालू. आषाढातला पाऊस, वीज गेलेली. म्हणजे मांडणी झकास. पहिल्या रात्री मी साठ पानं वाचली आणि डावीकडची बाजू भरत गेली.

पान १८: अंगणात विहिरीजवळ बिट्टीचं झाड. पिवळ्या फुलांचा खच. पोराच्या खिशात कायम बिट्ट्या, म्हणजे त्या झाडाच्या खेळायच्या बिया.

पान ३३: म्हाताऱ्याचा रोजचा संध्याकाळचा काढा. त्या दिवशी 'नेहमीपेक्षा कडू' म्हणून तोंड वाकडं केलं.

पान ३७: उलट्या. म्हातारा म्हणतो, कंदिलाभोवती पिवळं कडं दिसतंय. गावचा डॉक्टर नाडी धरतो. नाडी संथ, आणि मधेच एक ठोका चुकते.

हे वाचलं आणि मी पुस्तक पोटावर पालथं ठेवून छताकडे बघत पडले. अंगावर काटा म्हणतात तो आला.

कारण हे चित्र मी औषधाच्या खिडकीतून ओळखते. हृदयाच्या रुग्णांना डिजॉक्सिन नावाची गोळी देतात. पाव मिलिग्रॅमची बारीकशी गोळी, आणि तीही आमच्याकडे बहुतेकांना आठवड्यातले पाचच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. गोळीलाही सरकारी सुट्टी, असं आम्ही म्हणायचो. सुट्टी अशासाठी की हे औषध अंगात साचतं, आणि उपयोगाची मात्रा नि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडं. साचलं की आधी अन्नावरची वासना जाते, मळमळ, उलट्या. नाडी मंदावते, चुकायला लागते. आणि काही जणांना सगळं पिवळट दिसतं, दिव्याभोवती कडं दिसतं. नाडी साठाच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही, हे सिस्टर लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. हे औषध मूळचं डिजिटॅलिस नावाच्या विलायती फुलझाडाच्या जातीतलं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने त्या झाडाच्या पानांवरचे आपले अनुभव १७८५ मध्ये छापले, तिथून ते वैद्यकात आलं. आपल्याकडे ते झाड रानोमाळ उगवत नाही. पण तशाच जातीचं विष असलेली दोन झाडं आपल्या कुंपणाला सर्रास असतात. एक कण्हेर. दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. तिच्या बियांतल्या विषाचं नाव थेवेटिन.

म्हणजे लेखकाने पान १८ वर झाड लावलं होतं आणि पान ३७ वर त्याचं फळ दिलं होतं. आणि कुठेही बोट दाखवलं नव्हतं! मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

इथे ख्रिस्तीबाईंची आठवण येणारच. पहिल्या महायुद्धात त्या इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होत्या आणि नंतर तिथल्याच दवाखान्यात औषधं तयार करून द्यायच्या. १९१७ मध्ये त्यासाठीची परीक्षा पास झाल्या. त्यांची पहिली कादंबरी १९२० ची. तिच्यातलं विष स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांत असतं ते. ते कसं दिलं जातं हे फोडू नये, पण शंभर वर्षं झाली, आता चालेल. टॉनिकच्या बाटलीत स्ट्रिक्निन अगदी थोडं, नेहमीचंच. त्यात ब्रोमाइड पडलं की ते विरघळलेलं राहत नाही, बारीक खडे होऊन तळाशी बसतं, आणि मग शेवटचा घोट म्हणजे सगळं विष एकदम. पदविकेच्या वर्गात आम्हाला हे उदाहरण जसंच्या तसं होतं. कोणतं औषध कोणत्याबरोबर एका बाटलीत घालू नये, या धड्यात. 'बाटली हलवून घ्यावी' ही चिठ्ठी का चिकटवायची ते सांगताना सर काजऱ्यावर आले, तेव्हा वर्गात ती कादंबरी वाचलेली मी एकटी होते. माझ्या तोंडून 'अगंबाई!' एवढं मोठ्याने निघालं की सरांनी उभं केलं. त्या दिवसापासून माझं म्हणणं एकच. विष खरं हवं आणि वाचणाऱ्याच्या हाताशी हवं. मी नाही ओळखलं तर माझी चूक, पण शेजारच्या बाईला ओळखता आलं असतं असं ते पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कुकर लावून पुन्हा बसले. पान ४१ वर म्हाताऱ्याला अग्नी दिला. डॉक्टरने हृदयविकार लिहून दिला, शवविच्छेदन नाही, पंचनामा नाही. मी उजवीकडे लिहिलं: 'शाब्बास. आता विष प्रयोगशाळेत सापडणार नाही, डोक्यानेच शोधावं लागणार.' आणि पान ६४. स्वयंपाकीणबाई सहज सांगते की पोरगं दोन दिवस रडतंय, त्याचा बिट्ट्यांचा डबा हरवलाय.

डबा हरवलाय! मी उठून खोलीत एक फेरी मारली.

एव्हाना ह्यांनाही वास लागला होता. शेवटची पानं बांधलेली, त्यामुळे बिचारे मधलीच चाळत होते. "अगं, हा पुतण्या खोटं बोलतोय," म्हणाले. कसं काय? तर पुतण्या जबानीत सांगतो की मी पाच वाजता चिपळूणहून एस.टी. पकडली आणि सव्वासहाला वाड्यावर पोचलो, तोवर काका काढा पिऊन झोपलेले. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ह्यांच्या चेहऱ्यावर डेपोतलं जुनं तेज आलं. "चिपळूण ते पाटण साठेक किलोमीटर. मधे कुंभार्ली घाट. आषाढात घाटात धुकं असं असतं की डायव्हर काच खाली करून मान बाहेर काढतो. त्यात कोयनानगरला चहा. सव्वा तासात लाल गाडी? विमान लावलं तरी नाही. हा पाचच्या गाडीने आलेलाच नाही. दुपारपासून तिथेच आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून खून सोडवायची ही पहिली वेळ. त्या रात्री जेवायला पिठलं-भात होता आणि आम्ही साडेदहापर्यंत ताटावर बसून बोलत होतो, हात वाळून गेले. पुतण्याला काकाच्या काढ्याची झाडपाला-मुळं आणून द्यायची सवय, हे पान ५२ वर होतं. मृत्युपत्र बदललं तर त्याचा वाटा जाणार, हे पान २९ वर. पोराशी खेळणारा घरात तो एकटाच, म्हणजे डब्याला हात लावला तरी कुणाला नवल नाही, हे पान २१ वर. एक-एक खिळा बरोबर बसत होता. थोरल्या सुनेवर लेखक मुद्दाम संशय वळवतोय हेही कळत होतं. ती शास्त्र शाखेत वर्षभर शिकलेली वगैरे. चांगला लेखक असं करतोच. मला त्याचा रागही नाही.

पान २७२ ला मी थांबले. पट्टी तिथून पुढे. ह्या प्रकारातले काही जुने विलायती लेखक शेवटाच्या आधी कथा थांबवून वाचकाला सांगायचे, सगळे पुरावे आता तुमच्याकडे आहेत, ओळखा. आमच्याकडे लेखकाने सांगितलं नाही तरी मीच थांबते. औषधाच्या पुड्या बांधायचं एक जुनं पाकीट घेतलं, त्यात चिठ्ठी: 'पुतण्या. बिट्टीच्या बिया, काढ्यातून. गाडीची वेळ खोटी.' खाली माझी सही, शेजारी ह्यांची. हेही म्हणाले, तारीख घाल, म्हणून तारीखही घातली. पाकीट चिकटवून देवापाशी ठेवलं. पैज आपसांत लावता येईना, कारण दोघांचं उत्तर एकच. शेवटी लेखकाशीच लावली. आपण जिंकलो तर नव्या कपाटातल्या चादरी काढायच्या आणि दर महिन्याला एक पुस्तक आणायचं.

पट्टी सोडली. हे शेजारी खुर्ची ओढून बसले, मी मोठ्याने वाचायला लागले.

पान २७३ ते २९० मध्ये पाऊस, वीज, पाठलाग, विहिरीत पडता पडता वाचलेली सून. ठीक आहे, चालतं. पान २९१ वर वाड्याच्या दारात एक गृहस्थ उभा राहतो. मुंबईचा. म्हाताऱ्याच्या जुन्या भागीदाराचा मुलगा. बापाला फसवल्याचा सूड घ्यायला आला होता, आला तसा गेला होता, आणि आता पुन्हा का आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. खुनी हा.

"हा कोण?" हे म्हणाले.

मी वही चाळली. डावीकडे हा इसम नव्हता. मी म्हटलं, थांबा, असेल, आपल्या नजरेतून निसटला असेल.

मग गुप्तहेराचं भाषण. चौदा पानं! सगळ्यांना ओसरीवर बसवून. विष कुठलं, तर दक्षिण अमेरिकेच्या घनदाट जंगलातलं, तिथले आदिवासी बाणाला लावतात त्याहून जहाल, ज्याला अजून शास्त्रात नावच नाही. ते म्हाताऱ्याच्या पानाच्या डब्यातल्या चुन्यात कालवलं होतं. म्हातारा पान खातो हे मला तेव्हा, पान २९५ ला कळलं. आणि हे विष, गुप्तहेर म्हणतो, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. उलटलं पान. पान २९८: 'व्हिसेऱ्याचा अहवाल आला आणि माझा संशय खरा ठरला.'

मी थांबले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "ह्याला जाळलाय ना?"

"कुणाला?"

"म्हाताऱ्याला. पान ४१ ला जाळलाय."

ह्यांनी पुस्तक हातातून घेतलं, पान ४१ काढलं, २९८ काढलं, आणि हसायला लागले. मला हसू येईना. व्हिसेरा म्हणजे काही पोस्टाने आपोआप निघणारी वस्तू नाही. शवविच्छेदन करताना जठर आतल्या ऐवजासकट काढतात, आतड्याचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा तुकडा घेतात, काचेच्या बरण्यांत मिठाच्या संपृक्त पाण्यात घालतात, लाखेने मोहोर करतात. मिठाचाही नमुना वेगळा पाठवतात, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की विष मिठातच होतं. ऐनवेळी मीठ संपलं म्हणून सायकलवरून वाण्याकडे पळणारा शिपाई मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे. मग शिपायाच्या हाती पत्र देऊन बरण्या सरकारी प्रयोगशाळेत, आणि अहवाल यायला महिनेच्या महिने. इथे शव नाही, विच्छेदन नाही, बरणी नाही, आणि जे जगात कुठे सापडत नाही तेच अहवालात सापडलंय.

"आणि माझ्या गाडीचं काय?" हे विचारत होते. उरलेली पानं आम्ही भरभर उलटली. गाडीचं काही नाही. पुतण्या शेवटच्या पानावर थोरल्या सुनेच्या बहिणीशी लग्न ठरवून मोकळा. सव्वा तासात कुंभार्ली ओलांडणारी एस.टी. ही लेखकाची चूक होती, पुतण्याचं खोटं नव्हतं. ह्यांना ते फार लागलं. रात्री झोपताना पुन्हा म्हणाले, "एक फोन करायचा कुठल्याही डेपोत. कोणीही सांगितलं असतं."

आणि बिट्टी? बिट्टीचं नाव पान ६४ नंतर एकदाही नाही. पोराचा डबा सापडला की नाही, देव जाणे.

आता लोक म्हणतील, तुम्हाला ओळखता आलं नाही म्हणून चिडलात. नाही हो. ओळखता न येण्याचंच तर मी पैसे देते. ख्रिस्तीबाईंनी मला आयुष्यभर हातोहात फसवलं आणि दर वेळी मी मागची पानं चाळून 'अरे, हे इथे होतं की!' म्हणून कपाळावर हात मारून घेतला. त्या कपाळावर हात मारण्यातच सगळं सुख आहे. इथे हात मारायला मागे पानच नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून मी कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. रजिस्टर जुळलं नाही तर आपण आधी स्वतःची बेरीज तपासतो, तसं. तीन दिवस लागले, कारण या वेळी मजा म्हणून नव्हतेच वाचत. तो मुंबईचा गृहस्थ आधी कुठे येतो ते शोधत होते. सापडला. पान १४०: 'मुंबईहून एक पत्र आले होते, ते अण्णांनी न वाचताच फाडले.' अण्णा म्हणजे तो म्हातारा. बस. ३१२ पानांत हे एक वाक्य, आणि त्यातही माणूस नाही, पत्र आहे.

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम घालून दिले, थोडे थट्टेनेच, पण खरे. पहिलाच नियम, गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला पाहिजे. चौथा, अजून कुणाला न सापडलेलं विष वापरायचं नाही आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं यंत्रही नाही. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांनी आपलं एक मंडळ काढलं, ख्रिस्तीबाई त्यात होत्या, आणि नव्या सभासदाला वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. आमच्या लेखकाने पहिला आणि चौथा नियम एकाच प्रकरणात मोडला. एरवी मला नियमबियम मोडण्याचं काही नाही. अर्नाळकरांनी वेगासाठी वाट्टेल ते केलं आणि आम्ही वाचलं, कारण झुंजार तुम्हाला वही घेऊन बस म्हणत नाही, तो हात धरून पळवतो. पण ज्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गुप्तहेर 'वाचकहो, हे लक्षात ठेवा' अशा थाटात डोळे बारीक करतो, त्याने मग लक्षात ठेवलेल्याचा हिशेब द्यायला नको?

दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट झाली आणि माझा राग जरा वळणावर आला. पान ३७ मी परत परत वाचलं. म्हातारा उशीवरून मान वळवतो, कंदिलाकडे बघतो आणि सुनेला म्हणतो, "काच पुस गं, कडा पिवळ्या झाल्यात." सून काच पुसते. तो म्हणतो, "अजून तसंच." मग ताट सरकवून ठेवतो, त्यात खाल्लेला एकच घास. डॉक्टर नाडी धरून घड्याळाकडे बघतो आणि बघतच राहतो, कारण ठोका येता येत नाही.

हे कल्पनेने लिहिता येत नाही. पुस्तकात बघून लिहिलं असतं तर 'दृष्टी पिवळी होणे' असं आलं असतं. काच पुस, हे नसतं आलं. हे या माणसाने घरी बघितलेलं आहे. कुणीतरी वडील, काका, आजोबा, हृदयाच्या गोळीवर असलेले, शनिवार-रविवारचा घोळ होऊन रोज गोळी घेत गेलेले. अशी माणसं माझ्या खिडकीशी किती आली. मुलगा चिठ्ठी पुढे करून सांगायचा, "मॅडम, जेवतच नाहीत हो, आणि दिवा पिवळा दिसतो म्हणतात," आणि मी गोळ्यांचं पाकीट मागून मोजायचे. पंधरा दिवसांच्या गोळ्या दहा-अकरा दिवसांत संपलेल्या. मग चिठ्ठी घेऊन मीच डॉक्टरांकडे धावायचे.

लेखकाला ते विष आहे हे माहीतच नसावं. त्याच्या लेखी म्हातारा माणूस असाच आजारी पडतो. त्याच्या घरचा पडला होता. आणि बिट्टीचं झाड त्याच्या अंगणात असणार, आणि बिट्ट्यांचा डबा लहानपणी त्याचाच हरवला असणार. मुलींचा खेळ म्हणून कुणी हसलंही असेल. त्याने आपलं घर उचलून कादंबरीत ठेवलं, आणि खून मात्र दक्षिण अमेरिकेतून मागवला. हाताशी सगळं होतं, अगदी खुनी आणि त्याची खोटी गाडीसुद्धा, आणि लेखकाने स्वतःचीच कादंबरी वाचली नव्हती.

ह्यांचं मत वेगळं. हे म्हणतात, "तुला विष दिसणारच. तू देवळात गेलीस तरी धोतरा बघतेस. आणि मला गाडीची वेळ. लेखकाने काही लपवलं नाही, काही दिलंही नाही. आपणच आपलं घातलं." असेलही. पण मग मी विचारलं की त्या पोराचा डबा हरवायचं काय कारण होतं, तेव्हा ह्यांनी जरा विचार करून "पोरांच्या वस्तू हरवतात" असं सांगितलं, आणि पेपर वाचायला घेतला.

लेखकाला पत्र लिहावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर आंतरदेशीय आणवलं. 'स.न.वि.वि., आपल्या कादंबरीतील खुनी चुकला आहे' इथपर्यंत लिहून पुढे जाईना. त्याला काय सांगणार, तुमच्या वडिलांच्या गोळ्या मोजल्या होत्यात का, असं? फाडून टाकलं.

देवापाशी ठेवलेलं पाकीट मात्र फाडवेना. ते मी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं, न उघडता. चादरींचा प्रश्न लोंबकळत राहिला. पैज जिंकलो की हरलो हे कोण ठरवणार? शेवटी अर्ध्या चादरी काढल्या.

गेल्या आठवड्यात भाची आली होती, पुण्याची, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कपाटातलं ते एकुलतं एक पुस्तक बघून तिने मागितलं. मी नको म्हणणार होते. पण नको का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून शेवटच्या चाळीस पानांना पुन्हा पट्टी लावली, पाकिटासकट, आणि दिलं. सांगितलं एवढंच, की पट्टी असेल तिथे थांबायचं आणि नाव लिहून ठेवायचं.

काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज. 'मावशी!!! बिट्टी!!! थेवेटिन!!! काय भारी लिहिलंय गं!' पाठोपाठ दुसरा. 'पट्टीपर्यंत आले. नाव लिहिलं. सोडू का?'

हे बाजूला घोरत होते. मी चष्मा शोधला, बराच वेळ फोनकडे बघत बसले आणि मग टाइप केलं, 'आज उशीर झालाय. उद्या सोड.'